जुन्या पेट्रोल बोटीला डिझेल इंजिन: आधी पाण्यात मोजमाप, मग दुकान

माझे सासरे, म्हणजे आमच्याकडचे मामाजी, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मासेमारी करतात. त्यांच्याकडे एक लाकडी डोंगा आहे आणि एक २२ फुटांची फायबरची बोट. ही बोट त्यांनी एका पर्यटनवाल्याकडून जुनी घेतली. आत कुण्या मोटारीचं पेट्रोल इंजिन बसवलेलं, त्याच मोटारीचा गिअरबॉक्स आणि पुढे थेट शाफ्ट, म्हणजे पाण्यातला पंखा (प्रोपेलर) फिरवणारा दांडा. चालायची छान, पण तासाला चार लिटर पेट्रोल प्यायची. मासळीचा भाव काही पेट्रोलकडे पाहून ठरत नाही. शेवटी एक दिवस ते माझ्या पवनीजवळच्या शेडवर आले. "जवाईबापू, याले डिझेल बसवून द्या. तुम्ही त रोज इंजिनच खोलता."

मी खोलतो ते शेतातल्या पंपांची इंजिनं आणि माल वाहणारे टेम्पो. बोटीचं डिझेल करताना मला कळलं की इंजिन हा त्या कामाचा जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेलं काम वजनाचं, पंख्याचं, थंडाव्याचं आणि टाकीचं. मी काय केलं, कुठे चुकलो आणि पुन्हा करायचं झालं तर कोणत्या क्रमाने करीन, ते इथे लिहितो. होळी झाली की काम सुरू करा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत गावात कोणताही मिस्त्री मोकळा सापडत नाही.

पैशाचा हिशेब

आधी बोट वर्षाला किती तास चालते ते लिहून काढा. अंदाज सांगू नका, महिनाभर वहीत मांडा. मामाजी म्हणायचे "रोज चालते", वहीत वर्षाचे ३०० तास निघाले. जुनं मोठं पेट्रोल इंजिन अर्ध्या जोरावर चाललं की फार तेल खातं. आमच्याकडे तासाला ४ लिटर जायचे. तेवढ्याच कामाला छोट्या डिझेलला २ लिटर पुरतात. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ रुपये धरलं तर तासाला ४२० विरुद्ध १८२. म्हणजे ३०० तासांत सत्तर हजारांच्या आसपास वाचतात. जुनं इंजिन, नवा गिअर, पंखा, शाफ्ट, टाकी, पाईप, लेथवाल्याची मजुरी असं सगळं धरून आम्हाला पावणेदोन लाख लागले. अडीच वर्षांत पैसे निघतील. तुमची बोट वर्षाला ६०-७० तासच चालत असेल तर कार्ब्युरेटर साफ करा, प्लग बदला आणि आहे तीच चालवा.

दुसरं कारण आगीचं आहे, आणि माझ्या मते तेच पहिलं असायला हवं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. उघड्यावर ती उडून जाते, बोटीत मात्र तळाशी जाऊन बसते आणि सेल्फच्या एका ठिणगीची वाट पाहते. पेट्रोलला पेट घेण्यासारखी वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही सुटते. आपल्याकडच्या डिझेलला मानकाप्रमाणे ती किमान ३५ अंशांपर्यंत सुटू नये. आता हा ३५ चा आकडा वाचून ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडचा माणूस हसेल. मे महिन्यात आपल्या सावलीतच ४५ असतात. तेव्हा डिझेल झालं म्हणून तळात बिडी ओढायला कुणी मोकळा झाला नाही. पेट्रोलच्या बोटीत तळाची वाफ ओढणारा पंखा असेल तर तो काढू नका.

डोंग्याच्या मागे लटकणारं छोटं पेट्रोल इंजिन असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. त्या जागी आतलं डिझेल बसवायला डोंगाच नवा बांधावा लागेल. आणि बोट पाण्यावर उचलून सुसाट धावणारी असेल, तरीही छोट्या डिझेलने ती धावणार नाही, नुसती रांगेल.

वजन: खडू, रेती आणि कट्टे

इंजिन विकत घ्यायच्या आधी बोट पाण्यात उभी करा, रोजची जाळी-सामान भरा आणि पाणी जिथे टेकतं तिथे पुढे, मागे, दोन्ही बाजूंना खडूने रेघ मारा. ओला खडू टिकत नाही, म्हणून रेघेच्या वर बोटाच्या रुंदीएवढी जागा सोडून ऑईल पेंटची खूण करा.

जुनं इंजिन गिअरबॉक्ससकट आम्ही धान खरेदीच्या काट्यावर तोललं: १४२ किलो. नवं डिझेल, त्याचा गिअर, मोठी बॅटरी आणि टाकी मिळून भरलं २१५. फरक ७३ किलोंचा. धानाच्या दोन कट्ट्यांत तेवढी रेती भरली आणि जुन्या इंजिनाशेजारी ठेवून पाहिली. मागची बाजू खुणेपासून इंचभर खाली बसली. एक इंच म्हणजे काही नाही असं वाटतं, पण मासे, जाळी आणि माणसं चढली की तोच इंच काठ आणि पाण्यातलं अंतर खातो. मग बॅटरीच्या वजनाएवढी रेती पुढच्या बाकाखाली सरकवली. रेघ जवळपास जागेवर आली. बॅटरी कुठे जाणार ते त्या रेतीने ठरवलं, मिस्त्रीने नाही.

डिझेल बसलं की बोटीत जोर आला, आता दोन माणसं जास्त बसवू, असा विचार येतो. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या सहा बायका बुडाल्या. वजन वाढलं की माणसं कमी करायची. आमच्या बोटीत आधी १२ बसायचे, आता ११.

किती जोराचं इंजिन

पाण्याला चिरत जाणाऱ्या बोटीची एक कमाल गती असते आणि ती पाण्यात टेकलेल्या लांबीवर ठरते. लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, साडेचारने गुणा. आमची पाण्यातली लांबी २० फूट, म्हणजे ६.१ मीटर. वर्गमूळ २.४७, गती ११ किलोमीटर. त्यापुढे तुम्ही ४० एचपी लावा की ६०, बोट आपल्याच लाटेवर चढायचा प्रयत्न करत नुसतं तेल जाळते. जुनं इंजिन तेच करत होतं.

अशा बोटीला टनामागे ४-५ एचपी पुष्कळ होतात. भरलेली बोट अडीच टन, म्हणजे ११-१२ एचपी. वारा आणि पावसाळ्यातली वैनगंगेची ओढ यासाठी वर थोडं ठेवा. आम्ही १५-१६ वर थांबलो.

तीन पर्याय समोर होते. शेतातलं एका सिलिंडरचं, मिनिटाला १५०० फेऱ्यांचं पाणी-थंड इंजिन, जे पाच एचपीचं मिळतं आणि ज्याचे सुटे भाग प्रत्येक तालुक्याला आहेत. साध्या डोंग्यासारख्या बोटीला ते बरं, पण फ्लायव्हील जड आणि हादरा असा की फायबरच्या बोटीत दात वाजतात. दुसरा पर्याय हवेवर थंड होणारं इंजिन. पेटीत बंद केलं की आपल्या उन्हाळ्यात ते स्वतःलाच भाजतं. तिसरा, जो मी निवडला, तो छोटा हत्ती टेम्पोचा (टाटा एस): दोन सिलिंडर, ७०२ सीसी, ३२०० फेऱ्यांवर १६ एचपी. भंगारात आडवी झालेली गाडी मिळते, पार्ट सगळीकडे आहेत आणि माझा हात त्यावर बसलेला. घेताना गाडीवरच चालू करून पाहा. थंड इंजिन एका सेल्फमध्ये उठलं पाहिजे. गरम झाल्यावर इंजिन ऑईल भरायचं झाकण उघडा. तिथून फुसफुस धूर येत असेल तर रिंगा गेल्या, सोडून द्या.

मोटारीचा गिअरबॉक्स मात्र काढून टाका. पंखा पाणी मागे ढकलतो आणि शाफ्ट इंजिनाला पुढे रेटतो. तो रेटा सोसायला गाडीचा गिअरबॉक्स बनलेलाच नाही. बोटीचा छोटा गिअर घ्या, त्यात रेटा घेणारं बेअरिंग असतं आणि पुढे-मागे दोन्ही मिळतं. आम्ही २:१ चा घेतला, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक. घेताना शाफ्ट कोणत्या दिशेने फिरतो ते विचारून पंख्याची दिशा त्याच्याशी जुळवा. उलट्या दिशेचा पंखा बसवलेली बोट मी पाहिली आहे. ती मागच्या गिअरमध्ये पुढे जायची.

पंखा

इथे माझे नऊ हजार पाण्यात गेले, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, जसं १२ × ९. पहिला घेर, म्हणजे पात्याच्या टोकापासून टोकापर्यंतचे इंच. दुसरा पिच. पाणी लोण्याच्या गोळ्यासारखं घट्ट असतं तर एका फेऱ्यात पंखा जितके इंच पुढे घुसला असता, ते पिच. पाणी घट्ट नसतं, निसटतं. जड आणि मंद बोटीत जवळपास अर्धं निसटतं.

आता हिशेब उलटा करा. बोट ११ किलोमीटरने जायला हवी आणि अर्धं निसटणार, तर पंख्याने २२ चं काम करायला हवं. इंजिन ३२००, गिअर २:१, पंखा १६०० फेरे. २२ किलोमीटर म्हणजे २२,००० मीटर, भागिले ६० मिनिटं, भागिले १६०० फेरे: २३ सेंटिमीटर, म्हणजे ९ इंच. पिच ९.

घेर ठरतो जागेवर. मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा जड बोटीला चांगला, पण पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यात घेराच्या १२ ते १५ टक्के मोकळी जागा लागते, नाहीतर प्रत्येक पातं तळाखालून जाताना ठक्-ठक् बसते. आमच्या शाफ्टच्या मध्यापासून तळापर्यंत साडेसात इंच होते. १२ इंची पंख्याचे सहा इंच, वर दीड इंच मोकळा. बरोबर बसला. जुना दहाचा होता.

म्हणजे कागदावर १२ × ९ आलं होतं. दुकानात १२ × ११ तयार होता, नऊची वाट पाहायला तीन आठवडे. दुकानदार म्हणाला, दोन इंचांनी काय होते. मीही मान हलवली. बोट पाण्यात टाकली, पूर्ण जोर दिला, इंजिन २७०० च्या वर चढेना आणि मागे काळ्या धुराची शेपटी. जड पिच म्हणजे भरलेला टेम्पो चढावर वरच्या गिअरमध्ये ओढण्यासारखं आहे. डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी धरते, हेड तापतं आणि वर्षभरात इंजिन संपतं. नऊचा पंखा आल्यावर तेच इंजिन ३१५० ला गेलं आणि धूर दिसेना. पिचचा एक इंच म्हणजे इंजिनाचे साधारण २०० फेरे, एवढं लक्षात ठेवा. फेरे मोजायला हातात धरायचं टॅकोमीटर मिळतं, शाफ्टवर चमकणारी पट्टी चिकटवून त्यावर लाल टिपका मारायचा. ते घेतल्याशिवाय पंख्याबद्दल कुणाशी वाद घालू नका.

जुनं बाहेर काढताना

बॅटरी सोडा. पेट्रोल टाकीतून हातपंपाने डब्यात काढा, सेल्फवर किंवा विजेच्या पंपाने नाही. टाकी उतरवून शेडपासून दूर उन्हात नेऊन ठेवा. तळ साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा, झाकणं दोन दिवस उघडी ठेवा. मगच बोटीत ग्राइंडर लावायचा.

रिकामी पेट्रोल टाकी भरलेलीपेक्षा वाईट. माझ्याच शेडमध्ये, माझ्याच बेफिकिरीने, एका पोराने "टाकी त सुकली गा" म्हणत जुन्या टाकीच्या कानाला वेल्डिंगचं टोक लावलं. टाकी फुगली, शिवण उघडली आणि झाकण छताच्या पत्र्याला जाऊन लागलं. तो पोक अजून आहे. पोराच्या भुवया महिनाभर नव्हत्या. ती टाकी डिझेललाही वापरायची नसते. जुनी टाकी विकताना पाण्याने काठोकाठ भरून भंगारवाल्याला दाखवा.

प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्युटर आणि त्यांच्या सगळ्या तारा पूर्ण काढा. "असू द्या, काय खाते" म्हणून सोडलेली तार पुढे शॉर्ट होते.

इंजिनाचा पाया

जुनं इंजिन दोन लोखंडी अँगलवर उभं होतं. डिझेलचा धक्का त्यावर टिकत नाही. आलापल्लीकडच्या सागवानाचे चार बाय सहा इंचांचे दोन ठोकळे घेतले, लांब चार-चार फूट. लांबी मुद्दाम, म्हणजे हादरा एका जागी न बसता तळभर पसरतो. ठोकळे तळाच्या उतारानुसार तासून बसवले आणि फायबरच्या मॅटचे चार थर देऊन तळाशी एकजीव केले. जिथे फायबर चिकटायचं तिथला रंग ८० नंबरच्या पेपरने पांढरी धूळ निघेपर्यंत घासा. रंगावर चिकटवलेलं फायबर रंगासकट निघून येतं.

एक गोष्ट मात्र आपल्याच भागाची. डब्यावर रेझिनमध्ये हार्डनर किती टाकायचा ते लिहिलेलं असतं, ते लिहिणाऱ्याने भंडाऱ्याचा मे पाहिलेला नाही. मी सकाळी अकराला भांड्यात रेझिन कालवलं. तीन मिनिटांत त्यातून धूर निघायला लागला, भांडं हातात धरवेना, आणि ब्रश आत उभाच्या उभा गोठला. ते भांडं आता खिळे ठेवायला आहे. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठून आठपर्यंत काम, हार्डनर कमीत कमी, आणि एका वेळी पाव लिटरच कालवायचं.

इंजिन रबर माउंटिंगवर ठेवा, पण गाडीचं माउंटिंग नको. त्याला वरचं वजन झेलता येतं, पुढचा रेटा नाही. बोल्ट लाकडात नुसते पिळू नका, आरपार काढून खाली जाड पट्टी द्या.

शाफ्टची सरळी

गिअरची फ्लँज (जोडाची चकती) आणि शाफ्टची फ्लँज समोरासमोर आणा, बोल्ट न घालता. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार ठिकाणी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान फट यातला फरक ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. माउंटिंगचे नट पाव फेरा फिरवायचे, पुन्हा मोजायचं. दोन तास लागले तर लागू द्या.

आणि हे सगळं काठावर ठोकळ्यांवर केलेलं असेल तर त्याला कच्चं समजा. फायबरची बोट पाण्यात गेली की आकार किंचित बदलते. बोट उतरवा, टाकी भरा, रोजचं सामान ठेवा, एक रात्र तशीच राहू द्या आणि सकाळी पुन्हा मोजा. आमचा फरक काठावर ०.०८ होता, पाण्यात ०.३ झाला.

शाफ्ट बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधली, म्हणजे पाणी अडवणाऱ्या जोडातली, जुनी दोरी काढून नवी भरा. ती ठणठणीत आवळायची नसते. बोट चालताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडलेच पाहिजेत, ते पाणीच शाफ्टला थंड ठेवतं. मामाजींना गळती म्हणजे गळती. त्यांनी माझ्या नकळत ती घट्ट पिळली. अर्ध्या तासात ग्लँड एवढी तापली की तिच्यावर पापड भाजला असता.

डिझेलची टाकी आणि नळ्या

नवी टाकी स्टेनलेस किंवा साध्या लोखंडी चादरीची करा. जस्त चढवलेली नको, डिझेल जस्ताला खातं आणि तो गाळ पंपात जातो. आत एक आडवी भिंत द्या, नाहीतर लाटेत डिझेल इकडून तिकडे आपटतं.

पेट्रोलवाल्यांची इथे ठरलेली चूक होते. पेट्रोल इंजिनाला एक नळी पुरते, डिझेलला दोन लागतात. पंप आणि नोझल लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल घेतात आणि उरलेलं परत पाठवतात. ही परतीची नळी टाकीच्या वरच्या भागात सोडा. ती तशीच सुटी सोडली तर डिझेल तळात सांडत राहील, दाबून बंद केली तर इंजिन बिघडेल.

टाकी आणि इंजिनामध्ये पाणी वेगळं करणारा काचेच्या वाटीचा फिल्टर हवाच. आपल्याकडे पावसाळ्यात रात्री टाकीला आतून घाम सुटतो. ते पाणी तळाशी बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर शेवाळासारखी काळी बुरशी वाढते. पावसाळ्यात बोट उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा आणि वाटी आठवड्याला पाहा.

डिझेल पहिल्यांदा भरल्यावर नळ्यांतली हवा काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, हाताचा पंप मारा, फेस संपून सलग धार आली की आवळा. मग पंपावर तेच. मग नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारा. या वेळी हात आणि तोंड नळीपासून दूर ठेवा, तिथला दाब चामडी फोडून डिझेल आत घालतो आणि तशी जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी थेट दवाखान्यात जावं लागतं.

टाकीच्या तोंडावर पिवळ्या अक्षरात "डिझेल" लिहा. सवयीने कुणी पेट्रोल ओतलं तर पंपाचं वंगण जातं, कारण तो डिझेलनेच भिजलेला असतो.

थंड ठेवायचं कसं

गोसीखुर्दच्या पाण्यात नागपूरहून नाग नदीची घाण येते, जलपर्णी आहे आणि पावसाळ्यात गाळ. बाहेरचं पाणी ओढून इंजिनात फिरवायचं तर जाळी दर तासाला साफ करावी लागेल. मी सरळ दुसरी वाट धरली. रेडिएटर आणि फॅन काढले आणि इंजिनाचं कूलंट तळाखालून बांधलेल्या तांब्याच्या पाईपातून फिरवलं. बाहेरचं पाणी पाईपाला बाहेरून थंड करतं, आत येतच नाही. १५-१६ एचपीला मी एक इंची पाईप ३० फूट धरला, तळाला दोन्ही बाजूंनी मागेपुढे वळवून. पुढून खडक लागू नये म्हणून लाकडाची धार दिली. उन्हाळ्यात, पाणी कोमट असताना, पूर्ण जोरावर तासभर चालवूनही काटा ९० च्या खाली राहिला. तुमचा वर गेला तर पाईप वाढवा. थर्मोस्टॅट (कूलंट गरम झाल्यावरच उघडणारी झडप) काढून टाकण्याचा गावठी उपाय करू नका, थंड चाललेलं डिझेल काजळी धरतं. सगळ्यात उंच जागी कूलंटचा डबा ठेवा, हवा तिथून निघते.

तांबं, स्टेनलेस शाफ्ट आणि पितळी पंखा एकाच पाण्यात म्हणजे एक धातू दुसऱ्याला खाणार. त्यासाठी बळीचा तुकडा, म्हणजे बाकीच्यांच्या आधी स्वतः झिजणारा धातू, बांधतात. समुद्रावर जस्ताचा चालतो, आपल्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा मागा.

धूर आणि हवा यावर थोडक्यात. ७०२ सीसीचं इंजिन ३००० फेऱ्यांवर मिनिटाला हजार लिटर हवा ओढतं, तेव्हा पेटीला दोन्ही बाजूंनी जाळीच्या मोठ्या खिडक्या ठेवा. सायलेन्सरला काचतंतूची पट्टी गुंडाळा. पाईप बाहेर पडण्याआधी वर उचलून मग खाली वळवा, म्हणजे लाटेचं पाणी इंजिनात चढणार नाही.

वीज, आणि बंद करायची दोरी

पेट्रोल इंजिन हवा ८-९ पट दाबतं, डिझेल १८ ते २२ पट. सेल्फला तेवढा जास्त जोर लागतो. १२ व्होल्टची ८० अँपिअर-अवरच्या वरची बॅटरी घ्या आणि सेल्फची केबल अंगठ्यासारखी जाड. बॅटरी पुढे नेली की केबल लांबते, मग ती आणखी जाड. आम्ही हे विसरलो होतो आणि पहिल्या दिवशी सेल्फ फक्त कण्हला.

पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा मामाजी हुरूपाने चाकावर बसले होते. काठाशी आल्यावर त्यांनी सवयीने चावी फिरवली. इंजिन चालूच. त्यांनी चावी काढून हातात घेतली. इंजिन चालूच. "जवाईबापू! हे बंद कसं कराचं?" पेट्रोलचं करंट तोडलं की काम संपतं. या डिझेलला चालत राहायला करंट लागतच नाही, त्याचं इंधन तोडावं लागतं. पंपावरच्या दांडीला ओढायची तार जोडा, तिची लाल मूठ चालवणाऱ्याच्या हाताशी आणा आणि बोट पाण्यात टाकायच्या आधी सगळ्यांकडून एकदा ओढून घ्या. आम्ही ती मागे, इंजिनापाशीच ठेवली होती. मी पाण्यातून धावत गेलो.

इंधन तोडूनही इंजिन थांबलं नाही, उलट वेग घेऊ लागलं, तर ते स्वतःचं वंगण जाळतंय. हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून धरा. हात लावू नका.

कागद

अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ लागू आहे आणि नोंदणी-तपासणीचं काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतं. बोट नोंदलेली असेल तर इंजिनाचा प्रकार आणि नंबर बदलल्याचं कळवून कागदावर दुरुस्त करून घ्या, विमाही त्याप्रमाणे. भंगारातल्या गाडीचं इंजिन घेताना खरेदीची पावती आणि गाडी रद्द झाल्याचा कागद मागा. धरणाच्या पाण्यात चालवायची परवानगी जलसंपदा विभागाकडची, मासेमारीची आपल्या संस्थेमार्फत. आणि जाकिटं माणसांइतकी, बोटीच्या बाकाखाली नव्हे, अंगावर.

पाण्यात पहिला आठवडा

पहिल्या दिवशी दोरीने खुंट्याला बांधूनच वीस मिनिटं चालवा, पुढच्या गिअरमध्ये हलक्या जोरावर. प्रत्येक जोडावर टॉर्च फिरवा. तेलाचा दाब, कूलंटचा काटा, ग्लँडचे थेंब, परतीच्या नळीचा जोड. मग काठाकाठाने अर्ध्या जोरावर तासभर. मग पूर्ण जोर आणि टॅकोमीटर. मोबाईलच्या नकाशावर गती पाहा, जाताना आणि येताना, आणि दोन्हींची सरासरी धरा. आमची ११ भरली, नऊ इंची पिचच्या हिशेबात पाणी ४९ टक्के निसटतं असं निघालं. कागदावर मी अर्धं धरलं होतं.

२५ तासांनी इंजिनाचं तेल आणि दोन्ही फिल्टर बदला. जुन्या टाकीचा नसला तरी नव्या वेल्डिंगचा कचरा फिल्टरमध्ये येतोच. माउंटिंगचे नट पुन्हा तपासा, रबर दबतं आणि शाफ्टची सरळी हलते. ५० तासांनी फिलर गेज पुन्हा एकदा.

बोटीवर एक डिझेल फिल्टर, एक बेल्ट, ग्लँडची हातभर दोरी, १० ते १९ चे पाने आणि हवा काढायला लागणारा छोटा स्क्रू-ड्रायव्हर कायम असू द्या. मामाजींनी या यादीत दोन गोष्टी आपल्याकडून घातल्या, जुन्या डोंग्याचं वल्हं आणि दहा फुटी बांबू. बांबूला त्यांनी फूट-फूट अंतरावर रंगाच्या खुणा केल्या आहेत. नवा पंखा जुन्यापेक्षा इंचभर खाली जातो, आणि बुडालेल्या गावांच्या जागी पाण्याखाली अजून झाडांची खोडं उभी आहेत.